बी बाजूचं शेपूट

कोगनोळीच्या कलगोंडा पाटलांना दोन गोष्टी बघवत नाहीत. एक पडीक रान आणि दुसरी कोरी टेप. रानाचं समजण्यासारखं आहे. जातिवंत शेतकरी माणूस, बांधाकडेला हातभर जागा मोकळी दिसली तरी तिथं तुरीचे दाणे टोकल्याशिवाय त्यांचा पाय पुढं पडत नाही. पण टेपचं वेड कुठून लागलं, हे त्यांच्या बायकोला, कमलाबाईंना, अजून कळलेलं नाही. "सगळ्यांनी जमिनी वाढवल्या, ह्यांनी कॅसेटी वाढवल्या," असं त्या पाहुण्यांना सांगतात. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

त्या दिवसांत निपाणीला तंबाखू घालून माणसं परतायची तेव्हा कुणाच्या पिशवीत लुगडं असायचं, कुणाच्या पिशवीत पितळी तांब्या. कलगोंडांच्या पिशवीत कॅसेट. भजनं, नाट्यगीतं, पोवाडे, सनई, कानडी भावगीतं, काही म्हणून त्यांना वर्ज्य नव्हतं. घरात नवराबायको भांडायची कानडीत आणि गाणी ऐकायची दोन्ही भाषांत. हळूहळू लोखंडी ट्रंक भरली आणि गावात पसरलं की पाटलाकडं मागितली तर कॅसेट मिळते.

पहिली कॅसेट नेली शेजारच्या मालुबाईंनी. परत द्यायला आल्या त्या चोरासारख्या. "कलगोंडा, माज्या हातनं कायतरी दाबलं गेलं बग. तुजी कॅसेट नासली."

कलगोंडांनी लावून बघितली. बी बाजूचं शेवटचं भजन संपलं. एरवी त्यापुढं नुसती सूं करणारी कोरी टेप असायची, गाणी संपली तरी चाकावर उरलेली. तिथं आता मालुबाईंचं अंगण आलं होतं. भांडीवालीशी त्यांची घासाघीस चाललेली, मागं कोंबड्या, मधेच कुणाला तरी "मेल्या, उंबऱ्यावर बसू नगंस." कलगोंडा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पडीक पट्ट्यात आपोआप पीक उगवलं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी नियमच केला. कॅसेट खुशाल न्या, पण परत देताना बी बाजूच्या शेवटाला काहीतरी पेरून द्या. विकतच्या कॅसेटीवर भरता येऊ नये म्हणून कोपऱ्यात खाच असते, ती कागदाचा बोळा घालून ते स्वतःच बुजवून द्यायचे. गावानं ह्या नियमाला नाव ठेवलं, शेपूट. "पाटलाची कॅसेट आणलीया, शेपूट भरायचं ऱ्हायलंय," असं माणसं बोलू लागली. कुणी पाढे म्हणून दिले, कुणी म्हशीचं हंबरणं. गुणाबाईंनी लग्नातलं विहिणीचं गाणं दिलं, अर्धं कानडी, अर्धं मराठी. कुणी लाजऱ्यानं नुसतं आपलं नाव सांगितलं आणि गप्प बसला, तर ती शांतताही कलगोंडांनी जपून ठेवली.

आणि एक शेपूट होतं आण्णाप्पांचं.

आण्णाप्पा मूळचे येळ्ळूरचे. बेळगावहून संध्याकाळी कोगनोळीला येणाऱ्या मुक्कामाच्या बसचे कंडक्टर. बस रात्रभर गावात थांबायची आणि उजाडता उजाडता परत निघायची. ड्रायव्हर बसमध्येच ताणून द्यायचा, आण्णाप्पा मात्र वळकटी घेऊन कलगोंडांच्या सोप्यात यायचे. कमलाबाईंच्या घरी दिवस मावळल्यावर चूल बंद. जैनांचा नेम. म्हणून त्या आण्णाप्पांचं ताट दिवसाउजेडी वाढून झाकून ठेवायच्या. जेवण झालं की टेपरेकॉर्डर लागायचा. आण्णाप्पांना गाणं कळत होतं असं नाही, पण ते मान हलवायचे फार मनापासून.

त्यांचं खरं गाणं बसमध्ये असायचं. आवाज खरखरीत, जाड, कुणीतरी घशात जोंधळे भरडावेत तसा. काकतीला त्यांनी हाळी दिली की हत्तरगीचे प्रवासी उठून उभे राहतात, अशी त्यांची थट्टा व्हायची. आंधळा म्हातारा असो की झोपलेलं पोर, त्या आवाजावर आपापल्या थांब्याला बरोबर उतरायचं. पुढं त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, मोठं. जीव वाचला, आवाज गेला. आता येळ्ळूरला ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. शेजारी स्टीलचा पेला आणि चमचा. काही हवं असलं की पेल्यावर चमचा वाजवतात आणि बायको, जयाबाई, आतून येतात. नात सौम्या ऑपरेशननंतर जन्मलेली. तिच्या लेखी आजोबा म्हणजे पेल्याचा टणत्कार.

गेल्या दिवाळीला कलगोंडांचा मुलगा अभिनंदन आणि सून प्रिया बेळगावहून आली, ती लॅपटॉप आणि त्याला वायरनं जोडायचा कॅसेट प्लेअर घेऊनच. अभिनंदन कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. कलगोंडांचा टेपरेकॉर्डर केव्हाच मोडलेला, ट्रंक माळ्यावर धूळ खात पडलेली. सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या असं ठरलं.

"पण आप्पा, कशात घ्यायच्या?" अभिनंदननं विचारलं. "वेव्ह, फ्लॅक, का एमपीथ्री?"

कलगोंडांनी कमलाबाईंकडं बघितलं. कमलाबाईंनी छताकडं.

प्रिया चिकोडीकडची, गुऱ्हाळात वाढलेली. ती म्हणाली, "मी सांगते. वेव्ह म्हणजे उभा ऊस. आहे तसा, पण जागा लई खातो. फ्लॅक म्हणजे त्याच उसाची आवळून बांधलेली मोळी. जागा कमी लागती, आणि सोडली की कांडं न् कांडं जसंच्या तसं. एमपीथ्री म्हणजे गूळ. इवलीशी ढेप, टिकतो, कुठंबी नेता येतो, गोडीला कमी न्हाय. पण गुळाचा परत ऊस होत न्हाय."

"मग गूळच कर की," कलगोंडा म्हणाले. "ऊस ठिवून काय करायचंय? सगळी ट्रंक एका पेनड्राईव्हात बसली पायजे बग. आन् गाणी तेवढीच घे. मधली घरघर, खोकला, बडबड समदी काढ. भरायचा तर दाण्यानं भरू दे, भुशानं नगं."

जागा वाया घालवायची नाही, एवढं एकच त्यांना जन्मभर कळत होतं. त्याच काटकसरीनं त्यांनी एकेकाळी शेपटं पेरून घेतली होती आणि त्याच काटकसरीनं आता ती कापायला सांगितली. हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

अभिनंदननं दिवाळीची सगळी सुट्टी त्यात घातली. गाणं सुरू झालं की घ्यायचं, थांबलं की कापायचं, सूं आवाज गाळायचा, सगळं त्यानं कॉम्प्युटरला नेमून दिलं. जाताना आप्पांच्या हातात करंगळीएवढा पेनड्राईव्ह ठेवला. ट्रंक परत माळ्यावर गेली.

कलगोंडा खूश. गोठ्यात, गाडीत, अंगणात, जिथं जावं तिथं गाणी. आवाज असा लख्ख, की कमलाबाई म्हणाल्या, "धुऊन वाळत घातल्यागत वाटतंय." आठ-पंधरा दिवस असे गेले. मग एका सकाळी ते धार काढत बसले होते आणि सनई लागली होती. ही सनई आण्णाप्पांची लाडकी, तीच कॅसेट त्यांनी येळ्ळूरला नेली होती. सनई संपली. कलगोंडांचा हात कासेवर थांबला. कान कशाची तरी वाट बघत होता. कशाची, ते त्यांनाही कळेना. तेवढ्यात पुढचा पोवाडा सुरू झाला आणि त्यांच्या लक्षात आलं, की इथं आण्णाप्पा बोलायचे.

धार तशीच टाकून ते उठले. घाईघाईनं एकेक गाणं पुढं ढकलून बघितलं. भजनामागं मालुबाई नव्हत्या. कुठं पाढे नव्हते, गुणाबाईंचं विहिणीचं गाणं नव्हतं. मालुबाई आणि गुणाबाई दोघीही आता हयात नाहीत. गाणी सगळी होती, आणि गाणी काय, हल्ली कुणाच्याही मोबाईलवर मागाल ती मिळतात. जे जगात दुसरीकडं कुठंही मिळणार नाही, नेमकं तेच भुसा म्हणून पाखडून टाकलं होतं. तेही दुसऱ्या कुणी नाही, आपण स्वतः सांगून. कलगोंडा गोठ्याच्या पायरीवर बसले आणि त्यांना फार वाईट वाटलं. बापाच्या मागं इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"अवो, कॅसेटी हायत की माळ्यावर," कमलाबाई म्हणाल्या. "रडायला काय झालं?"

ट्रंक खाली आली. बाकीच्या कॅसेटी ठीक होत्या, पण सनईची उघडली तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी. दिवाळीत एकदा वाजली तेव्हाच तिनं शेवटचा जोर लावला असावा. अभिनंदन रविवारी आला. टेप लावली, तर आण्णाप्पांचं शेपूट जरा पुढं सरकलं तोच ती चरचर करायला लागली. त्यानं घाबरून बंद केली. जेवढं मिळालं होतं, थांब्यांची दोन-चार नावं, तेवढं त्यानं झटपट गाळून, साफ करून, बारीक फाईल करून येळ्ळूरला आण्णाप्पांच्या मुलाला, विक्रमला, मोबाईलवर पाठवून दिलं.

संध्याकाळी फोन आला तो जयाबाईंचा. आवाजात राग नव्हता, नुसतं परकेपण होतं. "भावजी, ऐकलं. कोन बोलतंय त्यात? ह्यो आमच्या ह्यांचा आवाज न्हवं."

"वैनी, आण्णाप्पाच हाय त्यो."

"न्हाय वं. मी काय वळकीत न्हाय व्हय? सौम्यालाबी तसंच सांगितलं, ह्यो तुजा आज्जोबा न्हवं म्हणून."

कलगोंडांनी फोन ठेवला आणि ती फाईल स्वतः पुन्हा पुन्हा ऐकली. जयाबाईंचं खरं होतं. कुणीतरी पत्र्याच्या डब्यातून गुळगुळीत बोलत होतं. "अभी, ह्याच्या घशातले जोंधळे कुठं गेलं रं?"

अभिनंदननं कपाळाला हात लावला. टेपची घरघर काढायला जी चाळण लावली होती, तिनं आण्णाप्पांच्या आवाजातली खरखरही घरघर समजून काढून घेतली होती. जे उरलं ते बारीक फाईलनं आणखी तासलं होतं. "आप्पा, परत वाजवाय पायजे. कसलीच चाळण न लावता. पण टेप तुटली तर?"

आता प्रश्न असा होता. टेप तशीच ठेवली तर आवाज आत राहील, पण कुणाच्या उपयोगी नाही, आणि बुरशी तिला खातच राहणार. वाजवली तर एकदा वाजेल, कदाचित अर्धीच. आणि सौम्याला तर आधीच सांगून झालं होतं, की हा तुझा आजोबा नव्हे.

"वाजवायची," कलगोंडा म्हणाले. "पण आज न्हाय."

त्यांनी टेप सावलीच्या वाऱ्याला ठेवली. बोटाला तलम धोतराची चिंधी गुंडाळून वीतवीत करत बुरशी पुसली. पोरीचे केस विंचरावेत तसं हलक्या हातानं. कॅसेटीचं जुनं घर वाकडं झालं होतं, तेव्हा एका कोऱ्या कॅसेटीचे स्क्रू काढून टेपची रिळं त्या घरात बसवली. कमलाबाई अधूनमधून येऊन बघून जायच्या. ह्या वेडाला त्यांनी पहिल्यांदाच नावं ठेवली नाहीत.

पुढच्या रविवारी प्रियानं लॅपटॉप उघडला. "आप्पा, कशात घ्यायचं?"

"ऊस," कलगोंडा म्हणाले. "उभा ऊस. पाल्यासकट."

बटण दाबलं. टेप एकदा चरचरली, थांबते की काय असं वाटलं, आणि मग ओढत का होईना, पुढं निघाली. घरघर आली, खोकला आला, थांबे आले, थांब्यांच्या पुढचंही आलं, आणि अगदी शेवटी टेप खट्‌ करून संपली. अभिनंदननं फाईल वेव्हमध्ये ठेवली, तिची फ्लॅकची मोळी बांधून आणखी दोन ठिकाणी ठेवली. मग आप्पांनी विचारायच्या आतच म्हणाला, "बाकीची शेपटं आता सगळी अशीच घेऊ. गाणी राहू देत गुळात." कलगोंडांनी मान डोलावली.

येळ्ळूरला जायचं ठरलं ते दुपारचं, म्हणजे दिवस मावळायच्या आत कमलाबाईंना जेवायला घरी परतता येईल. हमरस्त्याला गाडी लागली. निपाणी, संकेश्वर, हत्तरगी, काकती. प्रत्येक थांब्यापाशी कलगोंडांचे ओठ उगाच हलायचे. आता उड्डाणपुलावरून गाडी जाते, थांबे खालीच राहतात, आणि हाळी देणारं कुणी उरलेलं नाही.

आण्णाप्पा ओट्यावर खुर्चीत होते. शेजारी पेला, पेल्यात चमचा. मित्राला बघून त्यांनी दोन्ही हात वर केले. चेहरा तोच, हसू तेच, फक्त मधला आवाज कुणीतरी काढून घेतल्यासारखा. सौम्या पायाशी बसून चित्र रंगवत होती. जयाबाईंनी कमलाबाईंना मिठी मारली, "तुमच्या पोह्यात कांदा घातला न्हाय बगा," म्हणाल्या, आणि अभिनंदननं पिशवीतून स्पीकर काढताच त्यांचा चेहरा जरा उतरला.

"लावा तुमी," त्या म्हणाल्या. "मी आत हाय. मागल्या बारीला ऐकलंय की मी." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. एकदा फसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा आशा करायची भीती वाटते, हे कलगोंडांना कळत होतं. त्यांनी आग्रह केला नाही.

स्पीकर खिडकीत ठेवला. आधी टेपची घरघर आली. कलगोंडांनी आण्णाप्पांकडं बघायचं टाळलं. मग कुणीतरी दणदणीत खाकरलं, आणि ओटाभर जोंधळे भरडले गेले.

"कलगोंडा, लेका, तुजा नेम म्हणून बोलायलोय. गानं मला येत न्हाय, तुला म्हाईत हाय. मला जे येतंय ते देतो. चला, काकती, काकती! हत्तरगी हाय का कोन? वो आज्जी, उठा, हत्तरगी आलं. संकेश्वर! निपाणी, निपाणी! कोगनोळी, शेवट! उतरा समदी, पाटलाच्यात गानं लागलंय!"

सौम्याच्या हातातला खडू थांबला. तिनं स्पीकरकडं बघितलं, मग आजोबांच्या तोंडाकडं. आण्णाप्पांचे ओठ हलत होते. काकती, हत्तरगी, संकेश्वर, एकेक थांबा ते आवाजाबरोबर घेत होते, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसत नव्हते. कलगोंडांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला.

स्पीकरमधला आण्णाप्पा स्वतःवरच खूश होऊन हसला. मग तोंड बाजूला वळवल्यासारखा आवाज जरा लांब गेला. घरात, आतल्या माणसाला मारतात तशी साधी हाक होती ती.

"अगं ए... च्या टाक की जरा."

खट्‌. टेप तिथंच संपली होती. त्या हाकेला उत्तर मिळालं की नाही, हे टेपला ठाऊक नव्हतं.

आणि स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या आवाजातून, जयाबाई म्हणाल्या, "टाकलाय वं. आले."

पावलं वाजली. जयाबाई सांडशी हातात घेऊनच दारात आल्या. "काय म्हनत होता..." म्हणत त्यांनी नवऱ्याकडं बघितलं आणि थबकल्या. चमचा पेल्यात होता तसाच होता. आण्णाप्पांचं तोंड मिटलेलं होतं. जयाबाईंनी एकेकाकडं बघितलं, शेवटी नातीकडं.

"कोन हाक मारलं गं?"

"आज्जोबांनी," सौम्या म्हणाली.

जयाबाईंनी चौकट धरली. मग म्हणाल्या, "मग च्या द्यायलाच पायजे त्यास्नी," आणि आत वळल्या. चहा उतू गेल्याचा वास आला, तरी त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.